पेन्सिलीची खूण

हॉइकच्या शाळेत मतदानाची रांग होती. स्कॉटलंडने ब्रिटनपासून वेगळं व्हावं की नाही, ते ठरायचं होतं. माझ्यापुढे एक बहीणभाऊ उभे होते.

"ग्रेगर, तुझं पेन दे. आतल्या पेन्सिलीची खूण मागाहून खोडतात म्हणे."

"आधी सांग, खूण कुठे करणार?"

"तू इंग्लंडात राहतोस. तुला मत नाही."

"तुझ्या पोलिश भाडेकरूला आहे, आणि इथे जन्मलेल्या मला नाही?"

"तो इथे राहतो."

"उना, उद्या आईच्या थडग्यावर यायलाही मला पासपोर्ट लागेल."

"तीन वर्षं ती अंथरुणाला खिळून होती. तेव्हा लागत होता का रे?"

रांग पुढे सरकली.

"पेन दे, ग्रेगर."

त्याने दिलं. टोपण मात्र मुठीतच ठेवलं.