वाकड्या रेघेचं मैदान

ऐका, आणि जरा इकडं सरकून बसा. खाणीकडं पाठ करून ही गोष्ट ऐकायची नसते. वारं लागतं, दुसरं काही नाही.

तर यसबा माने दिवेलागण झाल्यावर घरातून निघाला. एकटा. पायात टायरची चप्पल, अंगात झुंझार तालमीची काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची जर्सी. हा यसबा म्हणजे आपल्या खापरवाडीच्या तालमीच्या फुटबॉल टीमचा गोलकीपर. एके काळचा. तेव्हा त्याची चाळिशी उलटली होती, उजवा गुडघा कामातून गेला होता, आणि टीमनं त्याच्याकडं मैदान सांभाळायला दिलं होतं. मैदान कसलं? गावाबाहेरचा उघडा माळ. ना भिंत, ना गेट, ना ही गॅलरी. दोन टोकांना बांबूचे दोन गोल, बास. त्याच्या आधी तिथं मेलेली जनावरं टाकायचे. तालमीच्या पोरांनी हाडं वेचली, धोंडे वेचले, निवडुंग उपटला आणि बारा वर्षं तिथं फुटबॉल खेळला. पण कागदावर? कागदावर तालमीचं नाव कुठंच नाही.

आणि कागदाकडं शहरातल्या एका गिरणीवाल्याचं लक्ष गेलं होतं. त्याला तिथं गोदाम बांधायचं होतं. फार गोड माणूस. गावात आला की प्रत्येकाची चौकशी करायचा, म्हशी कशा आहेत इथपर्यंत. आम्ही व्यापारी माणसं म्हणतो, गोड बोलणाऱ्याचं माप दोनदा बघावं. पण गावानं एकदाही बघितलं नाही.

त्या संध्याकाळी चावडीवरचा शिपाई यसबाच्या दारात आला. म्हणाला, "उद्या दिवस उगवायला मोजणीचा साहेब येतोय. मैदानाची हद्द जागेवर आखलेली दिसली तर जागा तालमीची. न्हाई दिसली तर मोकळा माळ म्हणून लिहिणार."

"आणि मोकळा माळ कुणाला जाणार?"

"ते मला कशाला विचारतोस बाबा."

"हे आत्ता सांगतोस व्हय रं?"

"मलाच आत्ता सांगितलंय."

डाव कळला ना? त्याच दिवशी अख्खी टीम ट्रकमध्ये बसून मिरजेला मॅच खेळायला गेली होती. सकाळशिवाय परत येणार नव्हती. गावात उरला यसबा आणि त्याचा गुडघा. बरं, हद्दीची रेघ अशी कुणी कधी मारलीच नव्हती. मॅच असली की गोलपुढं आखायचं, कडेला आखायचं, झालं. आणि घरात फक्की चिमूटभर नाही. फक्की म्हणजे रेघा मारायची चुन्याची पूड, तुम्हाला ठाऊक आहे. ती आणायची तर ओढ्यापलीकडं, गौराक्काच्या चुनाभट्टीवर जायला पाहिजे.

गेला. गौराक्कानं पोतं भरून दिलं आणि खांद्यावर चढवायला हात लावला. विधवा बाई, एकटीनं भट्टी चालवायची. तिला भीती म्हणून ठाऊक नव्हती. पण ती म्हणाली, "सडकेनं जा. माळावरनं जाऊ नगंस."

"सडकेनं लांब पडतंय आक्का. मला रात्रीत आखायचं हाय."

"अवस जवळ आलीया. मापाड्या फिरतोय."

मापाड्या ठाऊक आहे का? नाही? मग ऐका. फार पूर्वी सरकारी मोजणी झाली, तेव्हा साखळी ओढायला एक माणूस होता. जमीन मोजायची लोखंडी साखळी. हा माणूस पैसे खायचा आणि रात्री हद्दीचे दगड सरकवायचा, नाहीतर पुरायचा. याचा बांध त्याला, त्याचा याला. एका रात्री दगड उचलून चालला होता, अंधारात खाणीत पडला. दगडासकट. हद्दीचा दगड हलवणाऱ्याला मेल्यावर हद्द सापडत नाही. त्याचा चकवा होतो. तो माळावर गोल गोल फिरतो, आपणच पुरलेले दगड शोधत, आणि जो भेटेल त्याला सोबत फिरवतो. दिवस उगवला की माणूस खाणीच्या तळाला सापडतो.

गौराक्का म्हणाली, "चकवा लागला तर अंगातलं कापड काढून उलटं घाल. लगेच वाट दिसती."

यसबानं अंगाकडं बघितलं. अंगात जर्सी.

"बघतो," म्हणाला, आणि निघाला.

ओढा ओलांडला. माळाला लागला. बाभळीच्या फांदीत पोतं अडकलं, हिसका देऊन सोडवलं, पुढं चालला. समोर गावातले दिवे दिसत होते. शंभर पावलं चालला. दिवे तिथंच. अजून शंभर. दिवे डावीकडं. असं कसं? सरळ तर चाललोय. अजून शंभर, आणि दिवे पाठीमागं!

मग आवाज आला. खळ्ळ. थांबला. खळ्ळ. जमिनीवरून लोखंड ओढल्यासारखा.

आणि कानाजवळ, नाकातल्या नाकात कुणीतरी विचारलं, "किती झाली?"

यसबानं मोठी चूक केली. जन्मभर तो मैदान पावलांनी मोजत आलेला. तोंडातून निघून गेलं, "तीनशे."

"चुकलं. पुन्हा एकपासनं."

आणि त्याचे पाय आपोआप चालायला लागले. तो चालत नव्हता, पाय चालत होते. बोरीचं झाड आलं. गेलं. मोठी शिळा आली. गेली. खाणीचा काळा जबडा उजव्या हाताला आला, गेला. आणि पुन्हा तीच बोर. तिचीच ती वाकडी फांदी.

"किती झाली?"

खळ्ळ, खळ्ळ. पुन्हा शिळा, पुन्हा खाण. पण या खेपेला खाण पाचेक पावलं जवळ आलेली. समजलं का? प्रत्येक फेरीला मापाड्या त्याला आत ओढत होता.

गुडघ्यातून कळ मस्तकात जात होती. मापाड्या आता शेजारून चालत होता. दिसत नव्हता, पण साखळी दिसत होती. गवत दबत होतं.

"दमलास की रं, गोली."

"तू न्हाई दमलास? तू तर माझ्या आज्याच्या आधीपासनं चाललायस."

मापाड्याला कुणी उलट बोललं नसावं. साखळी क्षणभर थांबली. मग हळूच म्हणाला, "उपाय सांगितलाय की तुला बाईनं. जर्सी काढ, उलटी घाल. सोडतो तुला. घरी जा, भाकरी खा, नीज."

"जर्सी उलटी व्हत न्हाई."

"का?"

हे का, ते तुम्हाला सांगायला नको, पण तरी सांगतो. आपल्या तालमीत जर्सी उलटी करतो तो तालीम सोडून जाणारा. भर मैदानात काढायची, उलटी करायची, वस्तादाच्या पायाशी ठेवायची आणि दुसऱ्या तालमीत जायचं. आजवर तिघांनी केलं. तिसऱ्याला त्याच्या आईनं सहा महिने भाकरी वाढली नाही. आपल्या हातानं घेऊन खा म्हणाली. अंधार असो, कुणी बघायला नसो, उलटी ती उलटीच.

यसबा म्हणाला, "मापाड्या, तू खाणीत ढकल. कवटी फोड. सकाळी लोक मला बाहेर काढतील तेव्हा पट्टे वरच्या बाजूला असतील."

"मरशील."

"मग तुला सोबत हुईल. पण मी रोज शिव्या घालीन, एवढं ध्यानात धर."

चालला. बोर, शिळा, खाण. आता एक गंमत व्हायला लागली. ओझं हलकं वाटायला लागलं. यसबाला वाटलं, झालं, मरण जवळ आलं, खांदा बधिर झाला. आता बघा, माल हलका लागला की व्यापारी आधी पोतं बघतो आणि खेळाडू आधी खांदा चाचपतो. यसबा बराच वेळ खांदाच चाचपत बसला. मग कधीतरी ठेच लागली, मान खाली गेली, आणि चांदण्यांच्या उजेडात त्याला पायाखाली काहीतरी पांढरं दिसलं.

रेघ.

बाभळीनं पोतं टराटरा फाडलं होतं. फक्की गळत होती. जिथं जिथं मापाड्यानं फिरवलं, तिथं तिथं रेघ. बोरीपासून शिळेपर्यंत, शिळेपासून खाणीकडं, जवळजवळ अख्ख्या माळाला वेढा. एकटा यसबा चार रात्री खपला असता तरी एवढं आखून झालं नसतं.

यसबा हसला. भर माळावर, अपरात्री, खो खो हसला. "चल की रं," म्हणाला. "थांबलास का? किती झाली?"

मापाड्यानं वाकून बघितलं असणार. कारण साखळी एकदम गप्प झाली. आणि लगेच, लगेच समोर वाट उघडली! सरळ, पायाखालची, गावात जाणारी. दिवे समोर. इतके जवळ की उंबरा दिसावा. आणि त्याच्या बायकोचा, चंद्राक्काचा आवाज, "अवो, भाकरी गार झाली. या आता."

जो रात्रभर घरी जाऊ देत नव्हता, तो आता घरी चला म्हणत होता. आमच्या बाजारात असं गिऱ्हाईक भेटतं. तुम्ही देत नाही म्हटलं की ते दर चढवतं.

यसबानं रेघेकडं बघितलं. वेढा पुरा झाला नव्हता. खाणीच्या अंगाला वीस-पंचवीस पावलांची फट राहिली होती. तिथं प्रत्येक फेरीला मापाड्यानं त्याला खाणीकडं वळवलं होतं, म्हणून तिथं रेघ एकावर एक बसली नव्हती, फाटे फुटले होते. उघडी हद्द म्हणजे हद्द नव्हे. साहेब काय म्हणेल? गिरणीवाला काय म्हणेल?

"चंद्रे," तो वाटेकडं बघून म्हणाला, "तू मला कधी अवो म्हणलीस?"

वाट विझली.

मग त्यानं पोत्याची फाटकी बाजू खाली धरली आणि खाणीच्या काठानं निघाला. एक पाऊल, फक्की. दुसरं पाऊल, फक्की. आता मापाड्या चिडला. वारं सुटलं. मागून ट्रकचा हॉर्न, टीमच्या पोरांच्या हाका, "यसबादा, इकडं, आम्ही आलो." त्यानं ओ दिली नाही. पुढं जमीन सपाट दिसत होती, अगदी सारवलेल्या अंगणासारखी. पाय उचलला. आणि बघितलं की पोत्यातून पडणारी फक्की त्या अंगणावर पडतच नाही. पडते, आणि खाली जाते. खाली. खाली.

पाय अधांतरी. मागून साखळीनं घोट्याला विळखा घातला आणि ओढलं.

दुसरा कुणी असता तर गेला असता. पण गोलकीपरचं अंग निराळं असतं. पाय सुटला की ते विचार करत नाही, बाजूला झेप घेतं. यसबानं डावीकडं झेप घेतली, त्या मोडक्या गुडघ्यावरून, पोतं छातीशी चेंडूसारखं धरून. दगडावर आपटला. बरगडी वाजली. घोट्याची साल निघाली, पण साखळी निसटली. पडल्या पडल्या त्यानं हात लांब केला आणि उरलेली मूठभर फक्की पुढं फेकली.

रेघ रेघेला मिळाली.

आणि खाणीत काहीतरी पडलं. खळ्ळ, खळ्ळ, खळ्ळ, किती तरी वेळ. मग गप्प.

दिवस उगवला तेव्हा साहेब आला. बरोबर गिरणीवाल्याचा मुनीम, इस्त्रीच्या धोतरात. बघतात तर यसबा रेघेवर बसलेला, आपादमस्तक पांढरा.

मुनीम म्हणाला, "ही काय हद्द आहे का? इकडं फुगलीय, तिकडं वाकलीय. दारू पिऊन आखलीय साहेब. मैदान चौकोनी असतं."

"खेळायचा चौकोन आत हाय," यसबा म्हणाला. "ही हद्द हाय. मोजा."

साहेब जुन्या वळणाचा माणूस. त्यानं पिशवीतून जुना नकाशा काढला. नकाशात या माळाला नऊ दगड होते, जमिनीवर एकही नव्हता. म्हणून तर एवढी भानगड. त्यानं रेघेच्या पहिल्या वाकणावर खणायला सांगितलं. हातभर खोल गेल्यावर पहार वाजली. घडीव दगड. दुसऱ्या वाकणावर खणलं. दगड. मुनीम धोतर सावरत गाडीकडं बघायला लागला. मापाड्या मेल्यावरही त्या दगडांवरूनच फिरत होता, लेको. त्याला दिसत नव्हते, पण पाय तिथंच जात होते.

नऊपैकी आठ सापडले. नववा खाणीत, ते सांगायला नको.

साहेबानं विचारलं, "तुला कसं कळलं, कुठं वळायचं ते?"

यसबा म्हणाला, "जुन्या खात्यातला माणूस सोबत होता."

साहेबानं कागद पुढं ओढला. पाच एकर अठरा गुंठे, झुंझार तालीम मंडळ, खेळाचे मैदान, असं लिहिलं आणि सही केली. तालमीनं मागितलं असतं तर दोन एकर मागितलं असतं. एवढ्यात ट्रक आला. पोरं मिरजेत तीन गोलांनी हरून आली होती, तोंडं पाडून उतरली. यसबानं त्यांना सगळ्यात आधी काय म्हणावं? "रेघेवर पाय देऊ नका रं, ताजी हाय अजून."

पुढं भिंत बांधली ती त्याच रेघेवर. एका इंजिनिअरनं पूर्वेची गॅलरी सरळ करूया म्हणून नकाशा काढला होता. तालमीनं त्याला चहा पाजला, नकाशा परत दिला.

आणि आता शेवटचं, नीट ऐका. ओढ्यावरून माळाकडं येणारी ती खाणीची वाट आहे ना, ती दिवस मावळल्यावर कुणी धरायची नाही. जिंकून आलात तरी नाही, हरून आलात तर मुळीच नाही. मापाड्या तिथंच आहे. मध्ये कुणी बाजारसंकुलाचा बेत घेऊन आला होता, त्या आठवड्यात गौराक्काच्या नातवानं साखळी ऐकली. असा बेत पुन्हा येईल. गोड माणसं संपलेली नाहीत. त्या दिवशी रात्री-अपरात्री तुम्हाला तालमीचं बोलावणं येईल, तेव्हा सडकेनं या, लांब पडलं तरी चालेल. पण या.