मला पायापड्या म्हनत्यात

माझं नाव याकोब, पन ह्या मिरजगावच्या रस्त्यावर त्या नावानं इचारलं तर निम्म्या लोकांना ठाऊक नसंल, पायापड्याचं पंक्चरचं दुकान कुठं हाय म्हना, शेंबडं पोर बी आनून सोडंल. हेच लिहा पयलं. आमी मूळचं जामखेडकडचं, माझ्या आज्याच्या बापापासून ख्रिस्ती, बाप गवंडी हुता, हायवेच्या पुलाच्या कामावर हिकडं आला आन हितंच राह्यला, हितंच वारला. आई हाय अजून. आई लई कडक. गुडघं टेकायचं आन मान वाकवायची ती देवापुढं, मानसापुढं न्हाई, असं तिचं. पन मला लहानपनी कुस्तीचा नाद लागला, आन तालमीत वस्तादाच्या पाया पडल्याबिगर मातीत उतरता येत न्हाई, तर आईनं तेवढी सूट दिली, म्हनली, येक वस्ताद, दुसरा कोन न्हाई. ते मी पाळलं. म्हनून तर जास्त आग होती माझी, काय सांगू तुमाला, सगळ्या जल्मात वस्तादाशिवाय येकाच मानसाच्या पायावर ही मान गेली, आन गेली ती कुनाच्या.

तुमी शहरातलं, तर हगामा तुमाला सांगावा लागंल. जत्रंच्या दुसऱ्या दिशी कुस्त्या असत्यात, त्यो हगामा. जोड लागली, बराच वकुत झाला, दोघं तोलामोलाचं हायती, कुनीच पडंना, मग पंच मधी येतो, दोघांना धरून बाजूला करतो आन म्हनतो, सोडवली. सोडवली म्हंजी बरोबरी. मग दोघं हात देत्यात, पंचाच्या पाया पडत्यात, आमच्याकडं पंच म्हंजी वस्तादच, मैदानाला फेरी मारत्यात आन लोक टाळ्या वाजवत्यात. त्यात लाज न्हाई, उलटा मान हाय. पंचानं मधी येऊन थांबवलं म्हंजी कोन हरलं न्हाई, हे माझ्या अंगात मुरल्यालं, दुधात साखर मुरती तसं. हे ध्यानात ठेवा.

आता माझा मामा, आईचा भाऊ. त्यो नगरला फौजेच्या कॅम्पात भटारखान्यात हुता, जवानपनी बॉक्सिंग खेळल्याला, संध्याकाळी येका रिकाम्या गोडाऊनात पोरं शिकवायचा. त्येनं माझं मनगट धरून बघितलं आन आईला म्हनला, ताई, कुस्तीत ह्याला नारळ आन फेटा मिळंल, माझ्याकडं दे, खेळाडू म्हनून फौजेत लावतो. तर मी गेलो. दोन वर्सं मामाकडं राह्यलो, दिवसा कॅम्पाच्या बाजारात हमाली आन संध्याकाळी पिशवीला ठोसं. मामा मारायचा बी लई आन शिकवायचा बी लई. नव्वदच्या नंतरची गोष्ट ही, केबलचा टीव्ही नुकताच येत हुता, हाटेलात त्येच्यावर परदेशातली बॉक्सिंग दाखवायचं, आमी चहा न घेता बघत उभं.

मग जिल्ह्याची निवड आली. मी फायनलला गेलो. जिंकनारा पुन्याला जानार हुता, आन मामा म्हनायचा, पुन्यात फौजेचं लोक पोरं हेरायला बसत्यात, पुन्याला गेलास की वर्दी अंगावर आली समज. आईला मी निरोप धाडला हुता, वर्दी आनतो म्हनून. समोर नगरचंच येक पोरगं, माझ्यापेक्षा उंच, हात लांब. आन रेफ्री निमसे सर. नगरच्या येका हायस्कूलात पीटीचं मास्तर, पांढरा शर्ट, पांढरी पँट, पांढरं कॅनव्हासचं बूट, खडूनं पांढरं केल्यालं.

पयल्या राऊंडात मी मार खाल्ला, खोटं कशाला सांगू. दुसऱ्यात नाकावर ठोसा बसला, रगत आलं, मी गुडघ्यावर आलो. सरांनी आठपर्यंत मोजलं, मी उठलो. पुन्ना येक कानशिलाजवळ बसला, पुन्ना मोजलं, पुन्ना उठलो. पन ऐका, कुस्तीगीर मानूस मार खाऊनच तापतो, माझं अंग आत्ता कुठं सुटत हुतं, त्या पोराचा दम मला ऐकू येत हुता, भात्यासारखा वाजत हुता त्यो, आजून येक मिनिट, येकच मिनिट, त्येला मी दोरीवर टांगला असता. तेवढ्यात सरांनी माझं ग्लोव्ह धरलं, डोळ्यात बघितलं, हात हलवला आन म्हनलं, बास, पोराच्या जिवाला जपायला पाहिजे.

आन मला काय वाटलं, तर सोडवली.

मी त्या पोराला मिठी मारली, मग वाकलो आन निमसे सरांच्या पाया पडलो. ग्लोव्ह घातल्याल्या हातांनी. माझ्या नाकातनं रगताचं थेंब सरांच्या पांढऱ्या बुटावर पडलं. आन मी हात वर करून फेरी मारायला निघालो, हगाम्यात मारत्यात तशी. सगळा हॉल हसला. कसा हसला म्हनून सांगू, खुर्च्या वाजल्या. मी वळून बघतो तर सरांच्या हातात त्या पोराचा हात, वर उचललेला, आन सर हसत्यात. सर हसत्यात हो. म्हनलं, अरे, तू हरलास. मामानं येऊन मला दोरीतनं काढलं.

ते पोरगं पुन्याला गेलं, तिथनं फौजेत गेलं, पेपरात वर्दीतला फोटू आला. मी आईकडं आलो आन रस्त्यावर पंक्चरचं दुकान टाकलं. वाटलं, संपलं. पन नगरातनं उसाच्या ट्रकवाल्यांबरूबर नाव आलं मागोमाग. पायापड्या हाय का रं दुकानात. ट्यूब पान्यात दाबून बुडबुडं बघताना मला वाटायचं, ही निमसे सरांची मान हाय. देवळात, म्हंजी आमच्या चर्चात, रविवारी प्रार्थना म्हनताना क्षमेची ओळ आली, आमी दुसऱ्याला क्षमा करतो तशी तू आमाला कर, ती आली की मी तोंड मिटून बसायचो. आई कोपर मारायची. मी गप. कुनाला पन क्षमा करीन, म्हनायचो, त्या पांढऱ्या बुटाला न्हाई. आन मनात येकच हिशोब, माझा नमस्कार परत पायजे. दिल्याला नमस्कार परत कसा घ्यायचा हे ठाऊक न्हवतं, पन पायजे हुता.

मग लई वर्सांनी येके दिवशी काय झालं, ह्या दुकानापुढं जीप थांबली, चाक बसल्यालं, आन आतनं निमसे सर उतरलं. संगट त्येंचा पोरगा, संतोष, कॉलेजातला, मान जाड, कान मोडल्यालं, म्हंजी पैलवान. सरांनी मला वळखलं न्हाई. स्टुलावर बसलं, चहा मागवला, चार मानसं जमल्याली, बॉक्सिंगच्या गोष्टी निघाल्या. आन सर सांगायला लागलं, आमच्याकडं एकदा एक खेडवळ पैलवान आला होता, त्याला मी थांबवला तर त्याला वाटलं कुस्ती बरोबरीत सुटली, पठ्ठ्या माझ्या पाया पडला, माझे बूट लाल केले. माझ्या दुकानात. माझ्या स्टुलावर बसून. मी तवा खाली बसून त्येंच्याच ट्यूबला ठिगळ लावत हुतो. मानसं माझ्याकडं बघत्यात आन खाली बघत्यात. सर म्हनलं, लोक म्हणतात रेफ्री लवकर थांबवतात, अरे, मी नसतो थांबवला तर मेला असता तो. मी चाक बसवलं, नट आवळलं, चांगलं आवळलं, माझ्या धंद्यात मी बेइमानी करत न्हाई. पन पोराकडं बघून ठेवलं. इचारलं, पैलवान, आमच्या हगाम्याला येतो का. ते म्हनलं, येतो की काका.

ते आलं बी. चैताचं ऊन, मैदान भरल्यालं, पंच आमचं वस्ताद. चार कुस्त्या झाल्या आन वस्तादांना उन्हानं घेरी आली, म्हनलं, याकोब, तू हो उभा. मी देव लई मानतो असं न्हाई, पन त्या वक्ताला मानला. संतोषची जोड काष्टीच्या पैलवानासंगट. चांगलं खेळत हुतं पोरगं, खोटं बोलनार न्हाई. धरलं, दाबलं, काष्टीवाल्याचं तोंड मातीत, आता येकच हिसका आन त्येची पाठ मातीला लागून कुस्ती निकाली हुनार. निमसे सर कडंला उभं राहून वरडत हुतं, फिरव, फिरव. मी पयलं सरांकडं बघितलं. येकदा त्येंचा चेहरा आनंदानं भरू दिला. मग मधी गेलो, दोघांना धरून बाजूला केलं आन म्हनलं, सोडवली.

लोक खवळलं. काष्टीवालं सोडून समदं खवळलं. सर तसंच मातीत शिरलं, बूट घालून. मी म्हनलं, बूट काढा सर, माती हाय ही. त्येंनी काढलं. अनवानी मानूस जरा बुटका दिसतो. म्हनलं, का सोडवली, माझं पोरगं वर होतं, एक मिनिट, एकच मिनिट लागलं असतं. मी म्हनलं, पोराच्या जिवाला जपायला पायजे सर. ते माझ्याकडं बघतच राह्यलं. मी म्हनलं, वळखलं का, मी त्यो पायापड्या. तुमचं बूट लाल करनारा. पुकारनाऱ्याचा माईक शेजारीच हुता, भोंगा चालू, सगळ्या मैदानानं ऐकलं. सरांचं तोंड असं उतरलं, काय सांगू तुमाला, इतक्या वर्सांत मला तेवढा गार वारा कधी लागला न्हवता.

आन तेवढ्यात ते पोरगं माझ्या पाया पडलं. येकाच हातानं. उजवा हात तसाच लोंबत हुता. वर बघून हळूच म्हनलं, काका, खांदा गेलाय माझा मघाशीच, आमच्या आबांना दिसला नाही, तुम्हाला दिसला, बरं झालं सोडवली.

मला दिसला न्हवता. तुमाला म्हनून सांगतो, आईला बी सांगितलं न्हाई. मी खांद्याकडं बघितलंच न्हवतं, मी बापाकडं बघत हुतो.

सरांनी पोराचा हात बघितला, हाडाचा टेंगूळ वर आल्याला बघितला, आन माझ्यापुढं हात जोडलं. समद्या गावापुढं म्हनलं, ह्याला म्हणतात पंच, बापाला दिसलं नाही ते याला दिसलं. म्हंजी बघा, बदला घ्यायला गेलो आन शाबासकी घेऊन आलो. त्येंची चूक गावाला दाखवायची हुती, उलटं त्येंचंच खरं केलं मी. जाताना मला बाजूला घेतलं, म्हनलं, याकोब, तुझ्या मामानं तुला नियम शिकवले होते ना, दोन वर्षं शिकलेल्या पोराला हार कळत नाही असं होईल का, तू पाया पडलास तेव्हा माझी खात्रीच पटली की तुला भान नाही.

मी रागारागानं नगरला गेलो, मामाला इचारलं. मामा पीठ मळत हुता. म्हनला, व्हय, त्या दिशी घरी येईस्तोवर तू मला इचारत हुतास, मामा, हगामा कुठल्या गावचा हुता. मी म्हनलं, आन हे आत्ता सांगतो व्हय. मामा म्हनला, आधी सांगितलं असतं तर तू ऐकून घेतलं असतंस का. मामाशी बी बोललो न्हाई मग लई दिवस.

आता आमच्या चर्चाच्या पाळकसाहेबांनी माझी गोष्ट रविवारच्या उपदेशात घेतली. याकोबानं वैऱ्याच्या पोराला वाचवलं म्हनून. आई रडली, बाया माझ्याकडं बघून मान हलवत हुत्या. प्रार्थनेत ती ओळ आली, आई कोपर मारायची थांबली, तिला वाटलं आता ह्यो म्हनंल. मी गप. आईनं बघितलं, आन रस्त्यानं घरी येईस्तोवर माझ्या पुढं पुढं चालत राह्यली.

तुमी म्हनाल, याकोब, आता काय राह्यलं. थांबवलं ते बरोबर हुतं म्हना. मी म्हनतो हां, बरोबर हुतं, माझं डोळं फिरलं हुतं, डोकं गेल्तं, येक मिनिटानं मी मेलो असतो, सगळं कबूल. पन मग हसला कशाला? पोराला भान न्हाई हे ज्याला पयलं कळलं, त्यो मानूस हसला कशाला? हे मी सरांना इचारलं. परवा दिवाळीला आल्तं, दर दिवाळीला येत्यात आता, फराळाचा डबा घेऊन. सरांनी डबा माझ्याकडं सरकवला. मग म्हनलं, सगळे हसले, म्हणून मीही हसलो.

डबा मी घेतला. आईनं घेतला, म्हंजी मी न्हाई म्हनलं न्हाई. पोराचा खांदा बरा हाय, खेळतंय परत, त्येचं चांगलं व्हावं, त्येचा माझा काय दावा न्हाई. आन सरांना बी देवानं लई आयुष्य द्यावं. डोळं शाबूत ऱ्हावं, आठवन शाबूत ऱ्हावी. रोज सकाळी पांढरं बूट घालायला खाली वाकलं की मी दिसावा त्यास्नी.