माहेरची वाटी

सन्माननीय अध्यक्षा सरोजिनीबाई, व्यासपीठावरचे डॉक्टरसाहेब, आजच्या सत्कारमूर्ती मृणालिनीबाई, गिरगावातल्या माझ्या भगिनींनो आणि त्यांच्यामागून चहाच्या आशेनं आलेल्या यजमानांनो,

मंडळाची चिटणीस म्हणून चार गोड शब्द बोलायचं काम माझ्याकडे आलंय. गोड किती होतील, ते माहीत नाही.

मृणालिनीबाई परळच्या इस्पितळातली नोकरी सोडून नागपूरला निघाल्यात. दोन वर्षं दर बुधवारी त्यांनी आपल्याला घरच्या जेवणातले उष्मांक मोजायला शिकवलं. त्याआधी आपल्याला काय ठाऊक होतं? नारळ किती घालायचा, तर हात थांबेल तेवढा. आणि आम्हा प्रभूंच्या घरात हात थांबतो कुठे?

आमचे हे, पहिल्या रांगेत काळ्या टोपीत बसलेत ते, संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यात निघाले आणि धोबीतलावापर्यंतही न पोचता फुटपाथवर बसले. डॉक्टर म्हणाले, "वजन उतरवा, नाहीतर हृदयाचं काही सांगता येत नाही." मग मृणालिनीबाई घरी आल्या. माझी सर्वांत लहान वाटी मागून घेतली, तिच्यात मावेल तो भात तोलला आणि कागद लिहिला: दिवसाला सोळाशे उष्मांक, दुपारी एक वाटी भात, मासा तळलेला नको.

सव्वीस वर्षं मी तेच सांगत होते. ऐकलं? आणि काल आलेल्या या मुलीचा कागद यांच्या खिशात, समितीच्या बिल्ल्याखाली! मी पापड पुढे केला की म्हणत, "मृणालिनीबाईंच्या कागदात नाही." माझ्याच स्वयंपाकघरात मी परकी झाले. मला मत्सर वाटला. याहून सौम्य शब्द शोधला होता, मिळाला नाही.

म्हणून मी माहेरची वाटी काढली. ती दीडपट मोठी. कागदात एक वाटी, पानात एक वाटी, माझं काय चुकलं? हे दर शनिवारी रे रोडच्या वखारीत लाकडं तोलायच्या काट्यावर उभे राहत. तीन महिन्यांत एक रत्तल उतरला नाही. आपल्याच सभेत या उठून म्हणाल्या, "माझीच मोजणी चुकली असणार." पुढच्या बुधवारी निम्म्या बायका आल्या नाहीत. मी पहिल्या रांगेत होते, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

त्याच आठवड्यात हे जिन्यात बसले. ओठ काळेनिळे. मी पाणी घेऊन धावले, तर म्हणतात कसे, "त्या मुलीला कळवू नकोस गं. तिला वाईट वाटेल."

त्या दिवशी वाटी बदलली. चार महिन्यांत अठरा रत्तल उतरले. सभेत टाळ्या वाजल्या तेव्हा या म्हणाल्या, "श्रेय उर्मिलाबाईंचं." म्हणजे माझं! मला आणखीच राग आला. कारण त्या चार महिन्यांत एकदा त्या घरी आल्या होत्या. मोरीपाशी पडलेली ती मोठी वाटी त्यांनी स्वतः विसळली, हातात फिरवून पाहिली, फळीवर पालथी घातली आणि चहा घेऊन गेल्या. बाई, तेव्हा भांडला असतात तर आज मला इतकं बोलावं लागलं नसतं.

मोजणी त्यांची बरोबर होती. ज्या भगिनींनी बुधवार सोडला, त्यांनी हे ऐकावं.

शाल आणि नारळ अध्यक्षबाई देतील. ही पुरचुंडी माझ्याकडून. हिच्यात ती वाटी आहे. नागपूरला न्या, माझ्या घरात नको.

डॉक्टरसाहेबांचे, अध्यक्षबाईंचे आणि सतरंज्या घालणाऱ्या मालनबाईंचे आभार. बोलण्यात कमीजास्त झालं ते सभेनं पोटात घालावं. वाटीचं मात्र सभेनं माफ करून भागणार नाही. पहिल्या रांगेतल्या काळ्या टोपीनं आत्ता मान खाली घातलीय. त्यांनाही हे आजच कळतंय. आज रात्री मी वाढलेल्या पानावर ते बसतील का, तेवढं मला कळायचंय.