सत्ताविसावं डोकं

झाब्ल्याक पोलीस ठाणे. दिनांक १५ जून, सकाळी ९ वाजून ४० मिनिटे.

नाव: विदोसावा लाकोविच. वय: ५७ वर्षे. धंदा: परवानाधारक पर्यटन मार्गदर्शक. राहणार: दोब्रोता, कोतोरजवळ, होड्यांच्या धक्क्यामागचं घर.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, मी वरील पत्त्यावर आईसोबत राहते आणि गेली अठ्ठावीस वर्षं चेक पाहुण्यांच्या सहली नेते. मला चेक भाषा लिहिता-बोलता येते. या अठ्ठावीस वर्षांत बसमधली माझी मोजणी एकदाही चुकली नव्हती. ही बढाई समजू नये, पुढे लागणार आहे म्हणून सांगितलं.

दिनांक १२ जून रोजी सत्तावीस जणांची सहल घेऊन मी कोतोरहून निघाले. पहिला दिवस कोतोर आणि पेरास्त ही समुद्राकाठची जुनी शहरं, दुसरा दिवस स्कादर तळं, तिसरा दिवस डोंगर, असा कार्यक्रम होता. बस मिलुतिन श्चेपानोविच, वय ६१, हे चालवत होते. आम्ही अकरा वर्षं एकत्र काम करतो.

प्रवाशांपैकी ओल्द्रिख कुबात, वय ७८, निवृत्त स्टेशनमास्तर, हे एकटेच आले होते. त्यांना मधुमेह आहे. दुपारी सुई घेतल्यावर चारच्या सुमारास काहीतरी खावंच लागतं, नाहीतर साखर उतरते, असं त्यांनी पहिल्याच दिवशी कागदावर सुवाच्य अक्षरात लिहून मला दिलं होतं. तो कागद हजर करते. त्यांना शेवटच्या सीटवर मीच बसवलं. ते प्रत्येक बोगद्याची लांबी विचारत आणि मला ती माहीत नसे.

पहिल्या दिवशी पेरास्तमध्ये श्री. कुबात एका घराच्या उघड्या फाटकातून अंगणात शिरले आणि दारावरचं कोरीव काम पाहू लागले. आत एक बाई धुणं वाळत घालत होती. ती आपलं काम करत राहिली. मी मात्र सगळ्यांसमोर म्हणाले, "कुबात साहेब, हे संग्रहालय नाही. इथे माणसं राहतात. आपण बोलावल्याशिवाय कुणाचा उंबरा ओलांडायचा नाही." दोघं-तिघं हसले. श्री. कुबात यांनी टोपी काढून आधी त्या बाईची आणि मग माझी माफी मागितली.

काल, दिनांक १४ जून रोजी, दुपारी दीड वाजता आम्ही इथल्या काळ्या तळ्याशी पोहोचलो. साडेचारला बसशी परत या, असं मी सगळ्यांना दोनदा सांगितलं. बहुतेकजण तळ्याभोवती फिरायला गेले. हवा स्वच्छ होती. साडेतीनच्या पुढे वरून धुकं उतरू लागलं.

चार पस्तीसला मी मोजणी केली. मी पुढून मागे, बोट न दाखवता, पुटपुटत मोजते. पाहुण्यांना आपण मेंढरं आहोत असं वाटू नये. सव्वीस झाले आणि शेवटच्या रांगेत पांढरं डोकं खिडकीला टेकलेलं दिसलं. श्री. कुबात यांची टोपी पांढरी आहे. मी सत्तावीस म्हटलं आणि मिलुतिनला निघायची खूण केली.

ते डोकं श्रीमती स्तामेना याकिच, वय ८१, राहणार तळ्याच्या वरची वाडी, यांचं होतं आणि पांढरा होता तो त्यांचा रुमाल. मिलुतिनने त्यांना मागच्या दाराने बसवलं होतं. आमच्या डोंगरात गाडीत जागा असताना रस्त्यात उभ्या म्हाताऱ्या माणसाला सोडून जाणारा चालक अजून मी पाहिलेला नाही. गेलाच कुणी, तर गाव त्याचं लग्न विसरेल, पण ते विसरणार नाही. मिलुतिन असं कुणाला घेतलं की मला नेहमी सांगतो. काल गाड्या लावायच्या जागेवरून एकजण त्याच्याशी भांडत होता, त्या भरात राहून गेलं.

पाच वीसला शाव्निक इथे पाण्यासाठी थांबलो. तेव्हा स्तामेना आजी फडक्यात बांधलेलं चीज सगळ्यांना वाटत पुढे आल्या. मी विचारलं, "आजी, तुम्ही कुठून बसलात?"

"तळ्यावरून. तूच मघाशी पुटपुटत होतीस ना? मला वाटलं, बाई देवाचं म्हणतेय."

मिलुतिन म्हणाला, "विदा, अगं सांगायचंच राहिलं. उद्या सकाळी आठला निक्शिचच्या दवाखान्यात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. पाच महिन्यांनी नंबर लागलाय. दोनची बस चुकली त्यांची."

"चुकली कसली! गाय दूध सोडेना," आजी म्हणाल्या. मग माझ्या शेजारी बसून सांगू लागल्या, "पण जीव घरातच अडकलाय बघ. घरी पाहुणा आणि मी गाव हिंडतेय. काय म्हणेल तो?"

"कोण पाहुणा?"

"वाटेत भेटला. उंच आहे, पांढरी टोपी. शेंगा तोंडात धरून रशियन बोलावं तसं बोलतो. पाणी मागितलं बिचाऱ्याने. आता नुसतं पाणी कुणी देतं का? म्हटलं, वर जा, घर उघडंच आहे, टेबलावर पाव आहे, चीज आहे, मध आहे, पोटभर खा. हातानेसुद्धा करून दाखवलं. जाताना मान हलवत होता, कळलं असेल."

मी मागे जाऊन पाहिलं. शेवटच्या सीटवर श्री. कुबात यांची पिशवी होती. पिशवीत त्यांचा फोन, सुया, बिस्किटं आणि साखरेच्या वड्यांचा पत्र्याचा डबा होता. मला लाज वाटली. इतकी लाज मला कधी वाटलेली नाही.

पाच अठ्ठावीसला मी या ठाण्याला फोन केला. तारा नदीच्या पुलाजवळ अपघात झाल्याने गाडी आणि डॉक्टर दोन्ही तिकडे होते, यायला वेळ लागेल असं कळलं. त्यात कुणाचा दोष आहे असं माझं म्हणणं नाही. मग सहल कंपनीच्या कार्यालयात फोन केला. तिकडून सांगण्यात आलं की बस वळवू नका, हॉटेलात सत्तावीस जणांचं जेवण तयार आहे, टॅक्सी पाठवा. शाव्निकमध्ये त्या वेळी टॅक्सी नव्हती. मिलुतिनने माझ्या हातून फोन घेतला आणि म्हणाला, "साहेब, जेवण गार होईल, खरं आहे तुमचं. तिकडे आमचा माणूस गार होतोय." एवढं बोलून त्याने बस वळवली. एकाही प्रवाशाने कुरकुर केली नाही. एका बाईंनी साखरेचा डबा परत येईपर्यंत मांडीवर घट्ट धरून ठेवला.

बस वळवण्याआधी मिलुतिन आजींना म्हणाला होता, "आजी, तुम्ही उतरा. इथला बेकरीवाला माझ्या ओळखीचा आहे, तो तुम्हाला निक्शिचला सोडेल. ऑपरेशन चुकवू नका."

आजी म्हणाल्या, "घरात पाहुणा उपाशी ठेवून डोळे नीट करून बघायचं काय मी? चल, हाक गाडी."

सहा पंधराला तळ्याशी पोहोचलो. वरच्या वाटेवर धुकं एवढं होतं की मिलुतिनची पाठ मला दिसत नव्हती. आजी पुढे होत्या. त्यांना उजेडातही धड दिसत नाही, पण पायांना वाट पाठ होती. माझा जीव टांगणीला लागला होता. घर उघडं आहे, आत खायला आहे, तेव्हा माणसाने काहीतरी तोंडात टाकलं असेल, असं मी स्वतःला सांगत होते. दुसरं सांगण्यासारखं माझ्याजवळ नव्हतं.

सहा चाळीसला घर दिसलं. दार सताड उघडं होतं. आत टेबलावर पांढऱ्या फडक्याखाली पाव, बाजूला चीज, मधाची बरणी आणि पुढे ओढून ठेवलेली एक खुर्ची होती. कशालाही हात लागलेला नव्हता. श्री. कुबात बाहेर पायरीच्या दगडावर, चौकटीला पाठ टेकून बसले होते. टोपी गुडघ्यावर होती. सदरा घामाने चिंब, ओठ थरथरत होते. मी हाक मारली, तर ते दुसऱ्याच कुणाचं तरी नाव घेऊन बोलू लागले.

साखरेची वडी त्यांना चावता येईना. आजींनी मधात बोट बुडवून त्यांच्या हिरड्यांना आतून चोळलं. थोडं चोळायच्या, थोडं ओरडायच्या. "घर माझं, मध माझा आणि लाजतोय हा! गिळ बाळा, गिळ. उघड्या दारात उपाशी बसतं का कुणी? मला गावात तोंड दाखवायला जागा ठेवशील की नाही?" साधारण वीस मिनिटांनी श्री. कुबात यांनी मला ओळखलं. मग आजींनी दंडाला धरून त्यांना आत नेलं आणि पावाचा दुसरा तुकडा संपेपर्यंत हाताची घडी घालून समोर उभ्या राहिल्या.

आठच्या सुमारास ठाण्याची गाडी डॉक्टरांना घेऊन आली. डॉक्टर तपासून म्हणाले की आता धोका नाही, पण आणखी अर्धा तास गेला असता तर. एवढंच बोलून त्यांनी बॅग बंद केली.

परका माणूस गाडीत घेतला आणि हुकूम मोडून बस वळवली, अशी मिलुतिन श्चेपानोविच यांच्याविरुद्ध कंपनीची तक्रार आल्याचं मला आज इथे समजलं. त्याबाबत माझं म्हणणं असं की, मोजणं हे माझं काम आहे, चालकाचं नाही. मी डोकी मोजली, माणसं पाहिली नाहीत. परवान्यावर काही कारवाई करायची असेल तर माझ्यावर करावी.

श्रीमती याकिच यांच्या ऑपरेशनची वेळ आज सकाळी आठला टळून गेली. पुढचा नंबर नोव्हेंबरमध्ये असल्याचं दवाखान्याने फोनवर सांगितलं. तेव्हा वाडीत बर्फ असतं. त्या का येऊ शकल्या नाहीत याबद्दल ठाण्याने दवाखान्याला पत्र द्यावं, अशी माझी विनंती आहे. माझी कुणाविरुद्धही तक्रार नाही.

वरील मजकूर अंमलदारांनी मला सावकाश वाचून दाखवला. श्री. कुबात यांनी मला ओळखल्यावर पहिलं वाक्य काय म्हटलं, ते मी सांगितलं होतं, पण तपासाशी संबंध नाही म्हणून लिहिलं गेलं नव्हतं. ते माझ्या आग्रहावरून इथे घालण्यात आलं आहे. ते म्हणाले, "बाई, मी उंबरा ओलांडला नाही." आता सगळं सांगितल्याप्रमाणे उतरलं आहे, म्हणून खाली सही करते.

विदोसावा लाकोविच