स्कॅनर मुका झाला तेव्हा

यार, पोलिसांच्या रेडिओचं मला नका सांगू. इथे अमेरिकेत आमच्या लोकल पेपरची मी एकटी रिपोर्टर, पोलिसांचं रेडिओवरचं बोलणं ऐकवणाऱ्या स्कॅनरवरच माझं सगळं चालायचं. एका सकाळी लावला, तर नुसती खरखर. नागपूरहून आलेल्या सासूबाईंनी त्याला दोन थपडा मारून पाहिल्या.

"आई, बिघडला नाहीये तो. पोलिसांनी सगळं एन्क्रिप्ट केलंय, आता आपल्याला काही ऐकू येणार नाही."

"मग तुला बातमी कोण सांगणार?"

"तेच सांगणार. त्यांना वाटेल तेव्हा."

त्याच आठवड्यात चार पोलिस गाड्या सायरन वाजवत शाळेकडे गेल्या. पोलिसांना फोन केला, तर उत्तर, "सध्या काही सांगता येणार नाही." आमची मुलगी त्याच शाळेत!

तेवढ्यात आईंच्या इथल्या मराठी वॉकिंग ग्रुपवर शाळेसमोर राहणाऱ्या सुनंदा मावशींचा व्हॉइस मेसेज आला. "अगं, गॅस लीक झालाय म्हणे. पोरं मागच्या ग्राउंडवर आहेत, सगळी मजेत खिदळतायत."

मी धावत गेले, मुलं डोळ्यांनी पाहिली आणि तिथूनच बातमी टाकली. ओळखीचा ऑफिसर चक्रावला. "तुला कसं कळलं? आमचा रेडिओ तर एन्क्रिप्टेड आहे."

मी त्याला मावशींचा मेसेज ऐकवला. बिचाऱ्याने दोनदा ऐकला. "यातलं मला काहीच कळलं नाही."

म्हटलं, "आमचंही एन्क्रिप्टेडच आहे. पण कुणी विचारलं, तर आम्ही सांगतो!"