बिंदूमाशीचं अख्खं बोलणं

जमलेल्या बायांनो, भावांनो, अन् बिमलभाऊ,

मले बोलाले उभं केलं, पण सुरुवात कुठून करू ते समजून नाई राह्यलं. इतकी वर्षं अंगणवाडीत लेकरायले गाणी म्हणून दाखवली, कधी आवाज बसला नाई. आज बसला. 

आपली बिंदूमाशी गेली. बिंदुबाला मंडल हे नाव रेशनकार्डावरचं. तलावाच्या पाळीवरून डोक्यावर टोपलं घेऊन येणारी, अन् तिच्या आधी तिचा आवाज गावात पोचणारी, ती आपली माशी.

आज मांडव भरला. वसाहतीतले, पूर्व बंगालातून निर्वासित होऊन आलेले बंगाली लोक आहेत, पलीकडच्या गावातले आमचे मराठी लोक आहेत, मच्छिमार सोसायटीतल्या बाया आहेत. हमीदभाई, तुम्ही मागं काऊन उभे? कोणी त्यायले खुर्ची द्या.

मी गोंडपिपरीकडची. नोकरी लागून नवीन नवीन इथी आली, तेव्हा सगळे हिले 'माशी, माशी' म्हणत. मले हसू आवरे नाई. बंगालीत माशी म्हणजे मावशी, हे मले कोणी सांगतलंच नव्हतं. आमच्यात माशी म्हणजे गुळावर बसते ती. अन् ही बाई तं मासे विकते! मी हसली, तं तिनं विचारलं, "काय झाली?" मी सांगतलं. ती माझ्यापेक्षा जास्त हसली. म्हणे, "मंग बरोबर आहे. मी पण दिवसभर भणभणच करते."

तिच्या भाषेत बाईचं वेगळं, पुरुषाचं वेगळं असं बोलणं नाई. म्हणून तिचं मराठी तसंच राह्यलं. पाणी आली. भात झाली. पोरगी आला. आम्ही कधी सुधरवलं नाई. तसंच गोड लागे.

माझी मुलगी झाली तेव्हा माझी माय दूर होती, नदीले पूर होता, कोणी येऊ शकत नव्हतं. माशी आली. शिंगी माशाचा पातळ रस्सा घेऊन आली. मले म्हणे, "खा. रक्त येते." मी म्हटलं, माशी, मले वास सहन नाई होत. तं तिनं माझं नाक धरलं अन् लेकरासारखं पाजलं. अशी माशी.

आता मी ज्याच्यासाठी उभी राह्यली, ते सांगते.

तुमच्यापैकी बहुतेकायनं माशीचा तो व्हिडिओ पाह्यला आहे. गावोगावी फिरला, अजून फिरून राह्यला. तो पाहून माशी समजली असं ज्यायले वाटते, त्यायच्यासाठी मी आज बोलते.

तिकडं बांगलादेशात गडबड सुरू झाली, टीव्हीवर रोज तेच दिसे, त्या दिवसायतली गोष्ट आहे. शहरातून एका मंचाचे लोक आपल्याकडं आले. त्या मंचाचं नाव मी घेत नाई, ते इथी नाईत उत्तर द्यायले. त्यायचं काम काय, तं एका दुसऱ्या देशाबद्दल आपल्या लोकायचं मत तयार करायचं. माणसं शोधायची, बोलतं करायचं, छोटे छोटे व्हिडिओ बनवायचे, चॅनेलवाल्यायले द्यायचे, फोनवर पाठवायचे. त्यायले तिकडून आलेलं कोणीतरी पाह्यजे होतं. लोकायनं माशीचं घर दाखवलं.

बिमलभाऊ, तुम्ही तेव्हाच नाई म्हटलं होतं. मले आठवते. तुम्ही म्हटलं, "आई, नको. माझ्या पोरायले शाळेत अजून बांगलादेशी म्हणून चिडवतात. आपण इथले आहोत. तू काऊन ते उकरून काढते?" अन् माशी म्हणे, "इतकी दूरून आली लोक. प्रेमानं विचारते. सांगते थोडं."

घरी कोंबड्यायचा गलका, म्हणून अंगणवाडीत बसले. मी तिथंच होती. माशी बोलता बोलता बंगालीत शिरे, अन् मले आता ती समजते. म्हणून सांगते, मी तिचं सगळं बोलणं ऐकलं आहे. अख्खं.

तिनं गाव सांगतलं. घरामागचं तळं सांगतलं. आमेना नावाची मैत्रीण सांगतली, जिच्यासंगं ती पावसात मासे पकडाले जाये. मंग दंग्याची ती रात्र सांगतली. घर जळालं ते. तिचा मोठा भाऊ, तिचा दादा, गाय सोडाले गोठ्यात गेला, त्याले लोकायनं ओढून नेलं, अन् तो परत नाई आला ते. हे सगळं तिनं कोरड्या डोळ्यानं सांगतलं. इतक्या वर्षांत ते रडणं आटलं असंन.

मंग तिनं आमेनाच्या मायचं सांगतलं. त्या बाईनं हिच्या आईले, हिले अन् लहान बहिणीले आपल्या घरी लपवलं, धानाच्या कोठीमागं. पण माशीची आई कर्मठ. दुसऱ्याच्या चुलीवरचं, दुसऱ्याच्या भांड्यातलं खाये नाई. मुलगा गेला, घर गेलं, तरी घास तोंडात घेईना. तं आमेनाची माय उठली, कुंभाराकडं गेली अन् कोरं मडकं घेऊन आली. तांदूळ दिले. चूल सारवून दिली. म्हणे, "दीदी, तुझ्या हातानं शिजव." अन् माशीच्या आईचा भात होईपर्यंत ती बाई दाराशी बसून राह्यली. बाहेर लोक फिरत होते, अन् ती दार अडवून बसली होती.

हे सांगताना माशी रडली. पदर तोंडात घालून रडली. मीही रडली.

मंग व्हिडिओ आला. लहानसा. त्यात गाव नव्हतं, तळं नव्हतं, आमेना नव्हती. आग होती अन् दादा होता. अन् शेवटी माशीचं रडणं होतं. भावांनो, ते रडणं मडक्याचं होतं. त्यायनं ते आगीले जोडलं.

माशीनं बिमलभाऊच्या फोनवर पाह्यलं. पुन्हा लावाले सांगतलं. मंग मले विचारलं, "शोभा, मी इथं तर रडला नव्हती ना?"

मी म्हटलं, नाई माशी. इथी नाई.

एवढ्यावर राह्यलं असतं, तं ती कदाचित गप्प बसली असती. पण बाजाराच्या दिवशी काही पोरं हमीदभाईच्या दुकानाशी गेले. हमीदभाई आपल्या बाजारात किती वर्षांपासून चादरी विकतात, तुम्हाले माहीत आहे. आपल्या किती पोरींच्या लग्नात त्यायची चादर गेली. पोरायनं त्यायले फोन दाखवला. माशीचं तोंड दाखवलं. म्हणे, हे पाहा, तुमच्या लोकायनं काय केलं. उचला दुकान.

ज्या माणसानं बांगलादेश नकाशावर पण पाह्यला नसंन, त्याले सांगतलं, उचला. अन् हमीदभाई चादरी घडी करून राह्यले होते.

माशी मच्छी लाईनमधून उठली. टोपलं उचललं, अन् सरळ त्यायच्या चादरींच्या बाजूले येऊन बसली. हमीदभाई म्हणाले, "माशी, चादरीले वास लागंन." ती म्हणे, "लागू दे. लोक धुऊन घेते." अन् तिथंच बसून ओरडाले लागली, रोहू घ्या, कतला घ्या. पोरं उभे राह्यले, उभे राह्यले, अन् गेले.

त्यानंतर दुसरे लोक आले. तेही शहरातलेच, चांगले, शांत बोलणारे. ते पहिल्या मंचाच्या विरोधातले. त्यायले कोणीतरी मडक्याची गोष्ट सांगतली होती. म्हणाले, "आजी, ती गोष्ट आम्हाले द्या. आम्ही जगाले दाखवतो." माशीले भल्ला आनंद झाला. तिनं सांगाले सुरुवात केली, घर जळालं तिथून. तं ते म्हणाले, "तेवढं राहू द्या आजी. त्याचा लोक गैरफायदा घेतात. फक्त मडक्याचं सांगा."

माशी थांबली. म्हणे, "अन् माझा दादा?"

त्यायनं कॅमेरा बंद केला.

तिनं त्यायले चहा दिला, मुरमुरे दिले, अन् परत पाठवलं. संध्याकाळी मले म्हणे, "त्याला आग पाहिजे, याला मडकं पाहिजे. माझी घर कोणालाच नको."

मंग पहिल्या मंचाचा तालुक्याच्या गावी कार्यक्रम झाला. हॉल भरलेला. मोठा पडदा. माशीचा सत्कार होता. बिमलभाऊ तिच्यावर चिडून होते, घरात धड बोलत नव्हते. ते म्हणत, जाऊ नको, अन् गेली तं शाल घेऊन मुकाट्यानं ये. त्यायची चूक नाई. लोकायनं ज्याले जन्मभर 'तू कुठचा' विचारलं, तो माणूस जपूनच राहते.

माशी गेली. मी संगं होती. पडद्यावर व्हिडिओ झाला, टाळ्या झाल्या, शाल झाली. मंग आयोजक म्हणाले, आजी, दोन शब्द.

माशीनं माईक घेतला अन् म्हटलं, "ही माझी गोष्ट अर्धी आहे. बाकी अर्धी मी सांगते."

ती आमेनाच्या मायपर्यंत पोचली, तं आयोजक हात जोडून आले. म्हणाले, आजी, वेळ कमी आहे. हळूच माईक काढून घेतला.

पण ज्या बाईनं आयुष्यभर बाजारात मासे विकले, तिले माईक कशाले पाह्यजे? तिचा आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत गेला. ती म्हणे, "माझ्या दादाला ज्यानं नेलं तो त्या गावची माणूस. मला ज्यानं लपवलं ती पण त्याच गावची माणूस. दोन्ही लिहा. एक लिहिलं तर ते खोटं होते." मंग तिनं मडक्याचं पूर्ण सांगतलं. काही लोक उठून गेले. काही बसून राह्यले. एक म्हातारे गृहस्थ डोळे पुसत होते. तिनं शाल घडी केली, टेबलावर ठेवली, अन् खाली उतरली. मी हात धरला.

दाराशी बिमलभाऊ उभे होते. कधी आले, मले माहीत नाई.

बिमलभाऊ, पुढचं तुम्हीच मले सांगतलं, म्हणून सांगते. तुम्ही तिले गाडीवर बसवलं. जंगलाच्या रस्त्यावर तुम्ही गाडी थांबवली अन् विचारलं, "आई, हे मडक्याचं तू आम्हाले कधी काऊन नाई सांगतलं?" ती म्हणे, "सांगायला बसला की आधी दादा येतो. मंग पुढं जाऊच देत नाही." अन् तुम्ही दोघं तिथंच सागाच्या झाडाखाली बसले, अंधार पडेपर्यंत. तिनं तुम्हाले आमेनाच्या घरचं सगळं सांगतलं.

त्यानंतर जग बदललं असं मी म्हणणार नाई. काही घरायनं तिचे मासे घेणं बंद केलं. तो व्हिडिओ फिरतच राह्यला. पण हमीदभाईचं दुकान बाजारात लागत राह्यलं. अन् माशीच्या अंगणात नातवंडं रोज संध्याकाळी जमाले लागले. दादाची गोष्ट सांग, आमेनाची गोष्ट सांग. ती दोन्ही सांगे.

मंग ताप आला. गडचिरोलीच्या दवाखान्यात नेलं. मी भेटाले गेली तं तिनं मले ओळखलं नाई. मराठी सगळं विसरली होती. फक्त बंगाली. डोळे मिटून दादाले हाक मारे. लगेच आमेनाले हाक मारे. दोघायले घरात बोलवून राह्यली होती, पाऊस आला म्हणे, आत या.

ती गेल्यावर त्या मंचाचा बिमलभाऊले फोन आला. श्रद्धांजलीचा व्हिडिओ करायचा आहे, आईबद्दल थोडं बोला. बिमलभाऊ म्हणाले, "थोडं नाई बोलणार. इथी या, आमच्या अंगणात बसा, पूर्ण ऐका. मंग काय दाखवायचं ते दाखवा." तिकडून फोन ठेवला.

बिमलभाऊ, तुमचा आवाज त्या वेळी तुमच्या आईसारखा होता. मी तुमच्या बाजूलेच उभी होती.

बस, मले अजून जास्त बोलणं नाई होत. आता सगळ्यायनं माशीसाठी दोन मिनिटं शांत उभं राहावं. ज्यायले गुडघ्याचा त्रास आहे त्यायनं बसूनच राहा, माशी रागवणार नाई. अन् एक विनंती आहे. हातातले फोन खिशात ठेवा, बायांनो, तुम्ही पिशवीत ठेवा. ही शांतता कोणी रेकॉर्ड करू नका, कुठी पाठवू नका. ती आपल्यापाशीच राहू द्या.

माशी, प्रणाम.