लाल-हिरवा चष्मा

बीदरच्या मोटारस्टँडवर माझ्या पाठीमागं दोन जावा बसल्या होत्या. धाकटी हैदराबादहून सिनेमा बघून आलेली.

"अक्का, कागदाचा चष्मा देतेत. एक काच लाल, एक हिरवी. मग भाला पडद्यातनं सरळ अंगावर येतोय."

"खरा?"

"खोटाच. डोस्क्याला ठावं असतंय, पर अंग ऐकत न्हाई. मी दंडच धरला."

"कुणाचा?"

"अंधारात काय कळतंय? ह्यांचा म्हणून धरला, भावजींचा निघाला."

"माझ्या नवऱ्याचा. ज्यांच्यासमोर तू डोईवरचा पदर ढळू देत न्हाईस."

"हसले की ते."

"घरी तर हसत न्हाईत. चष्मा काढल्यावर भाला येतोय का अंगावर?"

"न्हाई. नुस्तं पुसट दिसतंय."

"मग जगदेवी, चष्मा काढायचा सोडून दंड कामून धरलास?"